आढळले नाही

तिसऱ्या उकडताना आई पातेल्यावर झाकण ठेवते आणि चुलीपासून हलत नाही. शिंपा तोंड उघडायला लागल्या की दोनच मिनिटं, मग पातेलं खाली. सुटलेलं पांढुरकं पाणी ती टाकत नाही, गाळून कालवणात घेते. सगळी चव त्यात असते. प्रयोगशाळेत मी त्याच जातीच्या तिसऱ्यांचा 100 ग्रॅम गर तोलायचे, त्यात 100 मिलिलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचे आणि घड्याळ लावून 5 मिनिटं उकळायचे. जुन्या पद्धतीची ती पहिली पायरी. आम्ही जे विष शोधतो ते या उकळीत नाहीसं होत नाही. ते गरातून सुटून पाण्यात उतरतं, आणि ते उतरावं म्हणूनच तर आम्ही उकळतो.

आईला ही एक गोष्ट पटवायला मला बावीस वर्षं अपुरी पडली. ‘‘चांगलं उकडलं की काय उरतंय गो त्यात?’’ जंतू उकडल्यावर मरतात, हे तिला आरोग्यसेविकेने शिकवलंय, आणि ते बरोबरच आहे. पण सॅक्सिटॉक्सिन हा जंतू नाही. समुद्रात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे काही एकपेशीय जीव ते तयार करतात. तिसरी दिवसभर पाणी गाळून त्यातलं खाणं टिपते, तेव्हा ते जीवही तिच्या पोटात जातात आणि विष गरात साठत राहतं. तिला त्याचं फारसं काही होत नाही. होतं ते खाणाऱ्याला. आपल्या मज्जातंतूंमधून निरोप पुढे जातो तो सोडियमचे कण पेशीत शिरतात म्हणून. त्यांची जी बारीक वाट असते तिच्या तोंडाशी हा रेणू बूच बसावं तसा जाऊन बसतो. आधी ओठांना मुंग्या येतात. मग जीभ, चेहरा, बोटं बधिर होतात. मात्रा मोठी असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. याला उतारा नाही. रुग्णाला यंत्राने श्वास देत राहायचं. पहिले बारा ते चोवीस तास निभावले तर माणूस सहसा पूर्ण बरा होतो. म्हणजे जवळ व्हेंटिलेटर आहे का आणि तो किती किलोमीटरवर आहे, यावर सगळं येऊन ठरतं.

वास नाही, चव नाही, रंग नाही. एक किलो गरात 800 मायक्रोग्रॅम ही मर्यादा. मिठाचे दहा-बारा कण चिमटीत धरा, साधारण तेवढं वजन झालं. त्याच्यावर गेलं की माल बाद.

मी भाट्याच्या खाडीकाठची. लहानपणी उधाणाच्या ओहोटीला आई आणि काकू कमरेला पदर खोचून चिखलात उतरायच्या, आम्ही पोरं टोपल्या धरायचो. पायाच्या बोटांनी तिसरी कुठे आहे ते कळतं, डोळ्यांनी शोधावं लागत नाही. घरी आल्यावर विळीवर बसून आई एकेक शिंप अशी उघडायची की गर एकाच बाजूला राहील. एकशिपी करायला तसाच लागतो. पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि किनाऱ्यावरच्याच एका खासगी प्रयोगशाळेत लागले. तिथे निर्यातीच्या मालाचे नमुने येतात. पहिल्या दिवशी माझ्यासमोर बर्फातल्या तिसऱ्या ठेवल्या आणि ‘उघड’ म्हणाले. मी विळी शोधायला लागले. तिथे बोथट सुरी होती. शिंपा बाहेरून नळाखाली स्वच्छ धुवायच्या, सांधा कापायचा, आतली वाळू पाण्याने काढायची, गर चाळणीवर 5 मिनिटं निथळत ठेवायचा. निदान डझनभर जिवांचा गर एकत्र हवा, कारण एकाच खाडीतल्या शेजारी-शेजारी बसलेल्या दोन तिसऱ्यांमध्येही विष सारखं नसतं. मग सगळा गर मिक्सरमध्ये एकजीव करायचा. त्या मिक्सरचा आवाज आमच्या घरच्या वाटणाच्या मिक्सरसारखाच होता.

त्या काळी सॅक्सिटॉक्सिनचा निकाल आमच्याकडे उंदीर देत असे. पांढरा उंदीर, वजन 19 ते 22 ग्रॅम. आम्लाचा अर्क गार करून, त्याची आम्लता ठरल्या पट्ट्यात आणून, त्यातला 1 मिलिलिटर त्याच्या पोटात टोचायचा आणि सुई बाहेर येता येता स्टॉपवॉच सुरू करायचं. काचेच्या भांड्यात सोडल्यावर तो आधी नेहमीसारखा हुंगत फिरतो. विष असेल तर थोड्या वेळाने चाल बिघडते, मागचे पाय ओढले जातात. मग अंगाला झटके, तोंड उघडून घेतलेले श्वास, दोन श्वासांमधलं अंतर वाढत जातं. शेवटचा श्वास कोणत्या सेकंदाला, ते लिहायचं. अर्क कडक असेल तर तो पातळ करून असा करायचा की उंदीर 5 ते 7 मिनिटांत जावा, कारण तक्त्यावरचा आकडा त्याच पट्ट्यात भरवशाचा असतो. तीन उंदीर, तीन वेळा, त्यातली मधली घ्यायची. 20 ग्रॅमच्या उंदराला 15 मिनिटांत मारणारं विष म्हणजे एक मापाचं एकक.

आलेल्या नमुन्यांपैकी बहुतेकांत काही नसायचं आणि ते उंदीर फिरत राहायचे. पण आमचे उंदीर या विषाला किती संवेदनशील आहेत हे वरचेवर तपासावं लागे, आणि त्यासाठी माहीत असलेल्या मात्रेचं शुद्ध सॅक्सिटॉक्सिन त्यांना टोचायचं. म्हणजे समुद्रात विष नसलं तरी आमच्या टेबलावर उंदीर मरायचेच. पहिल्या वर्षी मला रात्री स्टॉपवॉचचे आकडे दिसायचे. मी ते काम सोडलं नाही याचं कारण सांगते. ज्याला हा मृत्यू मोजणं जड जातं, त्यानेच तो नीट मोजावा, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

ही पद्धत कॅलिफोर्नियातून आली. 1927 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात शिंपले खाऊन 102 माणसं आजारी पडली, 6 दगावली. तिथे हर्मन सॉमर आणि कार्ल मायर यांनी वर्षानुवर्षं खपून शिंपल्यांचं विष आणि समुद्रातले ते सूक्ष्म जीव यांचा संबंध दाखवला, आणि 1937 मध्ये उंदरावरची चाचणी मांडली. पुढची कित्येक दशकं सगळं जग तिच्यावर चाललं. तिच्यात खोट होती. गरात मीठ जास्त असलं की विष कमी दिसायचं. कालवांमध्ये कधी जस्त इतकं असतं की उंदीर त्यानेच मरतो, आणि आपण समजतो सॅक्सिटॉक्सिन. शिवाय मर्यादेच्या निम्म्याच्या खाली तिला फारसं काही कळायचंच नाही.

तरीही उंदराने एकदा असं काही सांगितलं, जे कोणत्याही यंत्राने सांगितलं नसतं. 1987 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले. तिघांचा जीव गेला. वाचलेल्यांपैकी काहींना नवी गोष्ट लक्षातच राहीना. त्या शिंपल्यांचा अर्क नेहमीच्या पद्धतीने उंदरांना टोचला, तर ते नेहमीसारखे मेले नाहीत. ते मागच्या पायाने खांद्याजवळ, कानामागे खाजवत राहिले. सॅक्सिटॉक्सिनने असं होत नाही. कुणीतरी स्टॉपवॉचवरची नजर उंदरावर ठेवली होती, म्हणून ते दिसलं. हे वेगळं काही आहे एवढं कळल्यावर हॅलिफॅक्सच्या शास्त्रज्ञांनी ते काही दिवसांतच शोधून काढलं: डोमोइक आम्ल. जपानमध्ये एका लाल समुद्रशेवाळातून ते आधीच वेगळं केलेलं होतं आणि ते शेवाळ तिथे जंतांवर औषध म्हणून दिलं जाई. शिंपल्यांतलं मात्र एका सूक्ष्म डायटमने तयार केलेलं होतं. किलोला 20 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा तेव्हापासूनची.

मी नव्या मुलामुलींना हा प्रसंग नेहमी सांगते. यंत्राला जे विचाराल त्याचंच ते उत्तर देतं. न विचारलेल्या विषाबद्दल ते गप्प राहतं.

यंत्रं आली याचा मला मनापासून आनंद आहे. 2019 पासून युरोपने सॅक्सिटॉक्सिनच्या गटासाठी रासायनिक पद्धत हीच संदर्भ पद्धत ठरवली आणि उंदरांची ती काचेची भांडी टेबलावरून हलली. आता अर्क बारीक नळीतून जातो, घटक एकामागून एक वेगळे होतात आणि पडद्यावर एकेक उंचवटा उमटतो. आम्ही त्याला पीक म्हणतो. सॅक्सिटॉक्सिन आपणहून चकाकत नाही. म्हणून त्याला आधी पेरॉक्साइडने किंवा परआयोडेटने ऑक्सिडाइज करायचं, मग ते अतिनील प्रकाशात चमकतं आणि सापडतं. पण तिसऱ्यांच्या गरात स्वतःच चमकणारे पदार्थही असतात. त्यामुळे तोच अर्क काहीही न घालता पुन्हा चालवून बघावा लागतो. तिथेही तेच पीक आलं तर ते विष नव्हे. हे दुसऱ्यांदा चालवणं संध्याकाळी सातला फार जिवावर येतं. ते टाळणारा माणूस या कामात ठेवू नये.

ज्याच्याशी तुलना करायची ते प्रमाणित सॅक्सिटॉक्सिन हॅलिफॅक्सहून येतं, बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुपीत, अर्धा मिलिलिटर. रायसिनच्या जोडीने ते रासायनिक अस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या यादीत आहे, त्यामुळे त्या अर्ध्या मिलिलिटरमागे कागदांचा गठ्ठा असतो. कुपी फोडताना मी अजून श्वास धरते. भीतीने नव्हे. त्या कुपीतला आकडा चुकला तर त्यानंतर मी दिलेला प्रत्येक आकडा चुकलेला असेल, म्हणून.

आणि आकडा माझा चुकलेला आहे.

मे महिना होता. पाऊस लागायच्या आत माल बाहेर काढायची सगळ्यांची घाई. डोमोइक आम्लाची तपासणी चालू होती. ते 242 नॅनोमीटरच्या प्रकाशात पाहतात. एका नमुन्यात नेमक्या त्याच्या जागी पीक आलं. हिशेब केला तर किलोला 19-20 मिलिग्रॅमच्या घरात. रात्रीचे साडेआठ झाले होते. मी वरिष्ठांना फोन केला, त्यांनी कंपनीला कळवलं, माल होल्डवर गेला. पीलिंग शेडचं काम बंद राहिलं. तिथल्या बायकांना किलोवर मजुरी मिळते. काम नाही तर पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे जुने सर आले. ते निवृत्त झाले होते, पण अधूनमधून यायचे. आलेखाकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘स्पेक्ट्रम बघितलास?’’ मी बघितला नव्हता. कोणत्या रंगाचा प्रकाश तो पदार्थ किती शोषतो, याचा तो आलेख. माणसाच्या चेहऱ्यासारखा असतो. डोमोइक आम्लाचा एकच ठसठशीत उंचवटा, 242 वर. माझ्या पीकचा दुसराच चेहरा होता, 280 च्या आसपास कुबड आलेला. ते ट्रिप्टोफॅन होतं. कुठल्याही मांसात असणारं साधं अमिनो आम्ल, जे नळीतून डोमोइक आम्लाच्या आसपासच बाहेर पडतं. पुस्तकात हे लिहिलेलं असतं. मी वाचलेलंही होतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून छापले आणि तो कागद माझ्या टेबलावर चिकटवला. तो अजून तिथे आहे, पिवळा पडलाय. त्या शेडमध्ये आमच्याच वाडीतली एक मावशी कामाला होती. दोन दिवसांनी एसटीत भेटली. ‘‘विष निघालं होतं म्हणे?’’ मी म्हटलं, नाही मावशी, माझी चूक झाली होती. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे दोन दिवस मी परत देऊ शकत नव्हते.

आमच्या चुका दोन तऱ्हांच्या. नसलेलं विष दिसलं तर ते काढणाऱ्यांच्या आणि सोलणाऱ्यांच्या हातातोंडावर येतं. असलेलं दिसलं नाही तर खाणाऱ्यांच्या जिवावर. ही दुसरी माझ्या हातून झालेली नाही, असं मी म्हणू शकत नाही. माझ्या कानावर आलेली नाही, एवढंच म्हणू शकते.

आपल्या किनाऱ्यावर हे झालेलंच नाही असं कुणी म्हणालं की मी तीन नावं सांगते. 1981 मध्ये तमिळनाडूत वायलूर, 85 जण रुग्णालयात, 3 मृत्यू. 1983 मध्ये मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळेची खाडी, तिथेही तिसऱ्यांसारख्याच शिंपा आणि तिथेही एक जीव गेला. आणि 1997 च्या सप्टेंबरमध्ये केरळात विळिंजम. खडकांवरचे तपकिरी शिंपले खाऊन 500 वर लोक रुग्णालयात गेले, 7 दगावले. विळिंजमचा समुद्र आणि आमचा समुद्र एकच आहे.

या तिन्ही ठिकाणी मला एक गोष्ट सारखी दिसते. तो माल कुठल्या कंटेनरमधला नव्हता. गावाच्या खाडीत, गावाच्या खडकावर काढलेला आणि गावातच शिजवलेला होता. माझी पगाराची सगळी वर्षं कंटेनर तपासण्यात गेली. दूरदेशी कुणाच्या ताटात जाणारी तिसरी मी 800 च्या मर्यादेवर तोलली, आणि ती चोख तोलली याचा मला अभिमान आहे. पण माझ्या आईच्या पातेल्यातली तिसरी कुणी तोलत नाही. कॅलिफोर्नियात दरवर्षी 1 मे ते 31 ऑक्टोबर हौसेने किंवा घरच्यासाठी शिंपले काढायला बंदी असते, किनाऱ्यावर पाट्या लागतात. हे काम ते 1927 च्या धक्क्यातून शिकले. आपल्याकडे विळिंजमनंतरही खाडीकाठी अशी पाटी मी पाहिलेली नाही. खाडीच्या तोंडाशी दर पंधरवड्याला पाण्याची एक बाटली आणि तिसऱ्यांची एक पिशवी घ्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली जीव मोजायचे, गरातलं विष मोजायचं आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा. यात मला न जमण्यासारखं काहीच दिसत नाही. यंत्रं आहेत, शिकलेली मुलं आहेत. मत्स्य महाविद्यालय तर रत्नागिरीत शिरगावला आहे.

आईला वाटतं, पाणी बघून कळेल. हिवाळ्यात कधी कधी आमच्याकडे रात्री लाटा निळ्या उजळतात, लोक मुंबईहून गाड्या काढून बघायला येतात. आईने मला फोन केला, ‘‘पाणी पेटलंय गो, खाऊ नको का तिसऱ्या?’’ मी सांगितलं की उजेड पाडणारा हा जीव वेगळा, त्याचं नाव नॉक्टिल्युका, तो हे विष करत नाही. आणि विष करणारे जीव कधी कधी इतके थोडे असतात की पाण्याचा रंग जराही बदलत नाही, तरी तिसऱ्या भरतात. ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘‘मग बघू काय मी?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या थंडीपासून मी उधाणाच्या ओहोटीला घरी जाते, आईने काढलेल्या तिसऱ्यांतल्या दोन किलो बर्फात घालून आणते आणि फी भरून नमुना नोंदवते, कुठल्याही ग्राहकासारखी. तपासणी मी करत नाही, सहकाऱ्याकडे देते. आपल्या आईच्या तिसऱ्यांचा आलेख वाचताना डोळे फितूर होऊ शकतात.

गेल्या अमावास्येच्या नमुन्याचा रिपोर्ट आला. सगळ्या रकान्यांत तेच: आढळले नाही. खाली बारीक अक्षरात, यंत्राला किती खालपर्यंत दिसतं तो आकडा. त्या दोन शब्दांचा अर्थ त्या बारीक आकड्यात आहे: इथपासून खाली आम्हाला दिसत नाही, आणि वर काही दिसलं नाही. संध्याकाळी आईला फोन करून वाचून दाखवलं.

‘‘म्हणजे नाही ना?’’

‘‘त्या तिसऱ्यांत धोका होईल एवढं नाही. आम्ही जी विषं शोधली त्यांच्यापैकी.’’

‘‘त्या कधीच्या?’’

‘‘चार दिवसांपूर्वीच्या.’’

‘‘त्या तर खाऊन झाल्या, बाय. आज काढल्यात त्यांचं काय?’’

मी म्हटलं, त्यातल्याही ठेव अर्धा किलो, न उकडता, बर्फात. उद्या पहिल्या गाडीने येते.

‘‘ठेवते,’’ ती म्हणाली, आणि पलीकडे पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.